रेघवाली बाई

मी कंपनीत नेमकं काय करते, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत उमगलं नाही. कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "सून चिकलठाण्याला जाती. तिथं इंग्रजीत रेघा मारती." आधी आधी मला राग यायचा. एम.ए. इंग्रजी झालेली बाई मी, पहाटे उठून डबे भरते, धावतपळत कंपनीची बस गाठते, आणि ह्या म्हणतात रेघा मारती! पुढं कळलं, की माझ्या नोकरीचं इतकं अचूक वर्णन मला स्वतःलाही जमलं नसतं.

आमची कंपनी स्टीलच्या टाक्या बनवायची. दुधाच्या, फळांच्या रसाच्या, औषधांच्या. टाकी परदेशी निघाली की तिच्यासोबत एक जाडजूड पुस्तिका जायची. टाकी उभी कशी करायची, धुवायची कशी, झाकण उघडण्याआधी कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा, सगळं त्यात. ह्या पुस्तिका इंग्रजीत लिहायच्या आणि दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासायचं, हे माझं काम. आमचे इंजिनिअर कामाला वाघ होते, पण लिहायला बसवलं की त्यांचा पार उंदीर व्हायचा. तीन ओळींत सांगायचं ते पानभर लिहायचे आणि मुद्दा शेवटी राहूनच जायचा. ते मी सरळ करायचे.

सरळ करताना सगळ्यात जास्त वेळ खायचं ते एक बारकं चिन्ह. शाळेच्या व्याकरणात त्याला संयोगचिन्ह म्हणतात. ऑफिसात त्याला हायफन म्हणायचे आणि शॉपवर, म्हणजे जिथं ठोकाठोक चालते तिथं, डॅश. डॅश वेगळा असतो, लांब असतो, त्याचं काम वेगळं, हे मी इतक्यांदा सांगितलं की लोक मला बघूनच म्हणायचे, "व्हय मॅडम, लांबडा येगळा."

बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढ्याशा रेघेत काय आहे! मराठीत खरंच फार काही नसतं. 'आई-वडील' लिहिताना मधे रेघ घातली काय, न घातली काय, आई ती आई आणि वडील ते वडील. आपण शब्दाला शब्द जोडतो, प्रत्यय लावतो, कोण कुणाचं ते लगेच कळतं. इंग्रजीतले शब्द सुटे सुटे उभे असतात. त्यातला कोणता कुणाच्या बरोबर आलाय, हे पुष्कळदा त्या रेघेवरूनच समजतं.

उदाहरण सांगते. आमच्या विक्री विभागानं एकदा एका गिऱ्हाइकाला लिहिलं, 'टू हंड्रेड लिटर टँक्स'. आता रेघ फक्त 'हंड्रेड' आणि 'लिटर' यांच्यामध्ये दिली, तर शंभर लिटरच्या दोन टाक्या. 'टू'लाही त्यांच्यात जोडून घेतलं, तर टाकी दोनशे लिटरची, आणि अशा किती ते सांगितलेलंच नाही. ज्यानं लिहिलं होतं त्या शिंद्याला मी विचारलं, "यातलं कोणतं खरं?"

तो म्हणाला, "मॅडम, संदर्भावरून कळतं ना."

"मग सांग की संदर्भावरून."

त्यानं कागद उभा धरला, आडवा धरला, थोडा वेळ छताकडं बघितलं आणि मुकाट्यानं गिऱ्हाइकाला फोन लावला. तिकडच्या माणसालाही ठरवायला वेळ लागला म्हणे. त्या दिवसापासून माझं नाव पडलं रेघवाली बाई. सासूबाईंना ही बातमी कुणी दिली नव्हती, तरी त्यांचं आणि कंपनीचं एकमत झालं.

ही कीर्ती कंपनीच्या फाटकाबाहेरही गेली. गुलमंडीपासून जवळच एक हिमरू शालींचं दुकान होतं. मालकांना सगळे चाचा म्हणत. त्यांच्या पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं, 'हंड्रेड इयर ओल्ड हिमरू वीव्हर्स शॉप'. चाचांना म्हणायचं होतं, दुकान शंभर वर्षांचं आहे. वेरूळ, दौलताबाद बघून परतणारे परदेशी पाहुणे मात्र आत येऊन विचारायचे, ते शंभर वर्षांचे विणकर कुठं आहेत? चुलत दिराच्या लग्नासाठी शाल घ्यायला गेले, तेव्हा हे माझ्यासमोरच घडलं. चाचा जराही गडबडले नाहीत. दारातल्या खुर्चीवर एक पांढऱ्या दाढीचे म्हातारबुवा बसले होते, त्यांच्याकडं त्यांनी बोट दाखवलं. पाहुण्यांनी वाकून नमस्कार केला, फोटो काढले.

मी चाचांना विचारलं, "हे खरंच विणकर आहेत?"

"मामू हैं मेरे," चाचा हळूच म्हणाले. "उमरभर ट्रक चलाए. करघे कू हात बी नहीं लगाया."

मी त्यांना पाटी दुरुस्त करून द्यायला तयार झाले. शब्द कसे फिरवायचे, रेघा कुठं द्यायच्या, सगळं समजावलं. चाचांनी मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "बात तुमारी सौ टका सही है बेटी. मगर नक्को. मामू घर में बैठ के सूख गए थे. अब रोज नहा-धो के, इत्तर लगा के आते. गोरे लोगां हात मिलाते. रहने दो पाटी."

मी पाटी राहू दिली. तपासनिसाच्या धंद्यात चूक दिसली की हात शिवशिवतो. पण हात मागं घेण्यातही एक आनंद असतो, तो मला त्या म्हातारबुवांनी शिकवला.

आता ज्या प्रसंगासाठी लिहायला बसले, तो सांगते.

आमच्या वेल्डिंग विभागाचे सुपरवायझर होते पठाडे मामा. दौलताबादच्या किल्ल्याखाली त्यांचं घर आणि थोडी सीताफळाची बाग. हंगामात पिशवीभर सीताफळं आणून प्रत्येकाच्या टेबलावर स्वतः ठेवायचे. अंगानं आडवे, बोलणं कमी, आणि वेल्डिंग असं, की जोडावरून बोट फिरवलं तरी जोड सापडायचा नाही. शॉपवरच्या निम्म्या पोरांना काम त्यांनीच शिकवलेलं.

मामांचं कंपनीत सगळ्यांशी जमायचं, फक्त एका माणसाशी नाही. तो माणूस म्हणजे स्टोअर सांभाळणारे इनायतभाई. भांडण कधी आणि कशावरून लागलं, त्याच्या अनेक कथा होत्या. मामांना हवे तेव्हा हातमोजे मिळाले नाहीत, ही त्यातली सगळ्यात खात्रीची. इनायतभाई स्टोअरच्या खिडकीत बसायचे, मामा खिडकीसमोर उभे राहायचे, दोघांत हातभर अंतर, आणि तरी मामा शेजारच्याला म्हणायचे, "त्यांला सांगा, रॉड पायजेत." इनायतभाई त्याच शेजाऱ्याला सांगायचे, "उनकू बोलो, चिट्ठी लाओ." हे वर्षानुवर्षं चाललं होतं. नव्या पोरांना वाटायचं, ही कंपनीची पद्धतच आहे.

एकदा आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडून, हॉलंडहून, एक बाई टाक्या तपासायला आल्या. नाव अनेके. पोरांना ते नाव इतकं आवडलं की ती एकटीच आलेली असूनही तिला सगळे 'अनेकबाई' म्हणायला लागले. उंचनिंच, केस बारीक कापलेले, हातात टॉर्च. टाकीचं तोंड लहान म्हणून आमचे साहेब बाहेरूनच डोकावायचे. ही बाई सरळ आत उतरली. मामा खूश झाले. मला म्हणाले, "बाई लई खमकी हाय. जोडावर बोट फिरवती, माझ्यावानी."

नेमकी तिच्यासमोरच एक टाकी गळाली. पाण्याचा दाब देऊन बघताना एका जोडातून थेंब आला. मामांनी तो जोड तिथंच पुन्हा केला, पुन्हा दाब दिला, टाकी कोरडी राहिली. अनेकेनं मान डोलावली आणि सगळं लिहून घेतलं. ती गेली, आणि पुढच्या आठवड्यात तिचा अहवाल आला.

अहवाल माझ्याकडं येत नसे. तो गुणवत्ता विभागाकडं आणि तिथून एचआरच्या देसाईसाहेबांकडं गेला. एक दिवस दुपारी पठाडे मामा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. एरवी वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर असायचा, आज तो नव्हता.

"ताई, एक काम होतं. राजीनामा लिहून द्या. इंग्रजीत. चांगला लिहा."

मला वाटलं कुणा पोराचा असेल. "कुणाचा?"

"माझाच."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं. ते कडेकडेनं बसले, कपड्यांवरच्या तेलाचा डाग खुर्चीला लागू नये म्हणून. अनेकबाईनं लिहून पाठवलंय म्हणे, पुढचा माल निघायच्या आत वेल्डिंग सुपरवायझरनं राजीनामा द्यावा. देसाईसाहेबांनी वाचलं तेव्हा ते स्वतःच सुन्न झाले होते. त्यांनी बाहेरगावी असलेल्या मोठ्या साहेबांना फोन केला. मोठे साहेब म्हणाले, एवढं मोठं गिऱ्हाईक, त्यांनी लेखी मागितलंय, आपल्याला नाही म्हणता येणार नाही. पण मामांना मानानं निरोप द्या, त्यांचं काही अडू देऊ नका.

"तुम्ही काहीच बोलला नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलू? टाकी गळली ती माझ्याच हातची. माझ्यापायी ऑर्डर गेली तर पोरांनी कुठं जायचं?" मामा म्हणाले. "बाई काय वाईट नाय. तिला दिसलं ते तिनं लिहिलं. तुम्ही फक्त चांगला लिहा. कुणाला नावं ठेवू नका त्यात."

मी कॉम्प्युटर उघडला. राजीनाम्यात कारण लिहावं लागतं, म्हणून म्हटलं, त्या अहवालात नेमकं काय म्हटलंय ते बघावं. गुणवत्ता विभागातून मागवून घेतला आणि वाचायला लागले. मामा समोर गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले.

वाक्य खरंच होतं. 'वेल्डिंग सुपरवायझर टू रिझाइन', पुढचा माल निघण्याआधी. त्यात शंकेला जागाच नव्हती. पण मला सवय वाईट. मी वाक्य वाचून थांबू शकत नाही, सगळं पान वाचते, आणि वाचताना डोळे रेघा शोधतात. ह्या बाईच्या लिखाणात मला एकही रेघ सापडेना. 'नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह' तिनं एकाच शब्दात चिकटवून लिहिला होता. 'हाय-प्रेशर होज'मधली रेघ गायब. 'ट्वेंटी-टू बोल्ट्स'मधलीही गायब. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बाईनं एकही हायफन दिला नव्हता. तिच्या भाषेत शब्दाला शब्द चिकटवून आगगाडीएवढे शब्द करतात, हे मला माहीत होतं. इंग्रजी लिहितानाही तिचा हात त्याच सवयीनं चालला होता.

मी पुन्हा त्या वाक्याकडं आले आणि तो शब्द तोडून वाचला.

इंग्रजीत 'री' म्हणजे पुन्हा, 'साइन' म्हणजे सही करणं. दोन्ही जोडलं की 'री-साइन', पुन्हा सही करा. इथं रेघ द्यावीच लागते. कारण रेघ काढली, की अगदी त्याच अक्षरांचा दुसरा शब्द होतो, 'रिझाइन'. राजीनामा द्या. बोलताना दोन्ही वेगळे ऐकू येतात. कागदावर त्यांना वेगळं करणारी एवढीच एक रेघ असते. आणि ही बाई तर रेघ देतच नव्हती!

मी मामांना म्हटलं, "मामा, मला वाटतं तिनं तुमचा राजीनामा मागितलेलाच नाही. तिला तुमची पुन्हा सही पाहिजे असावी. मधे एक रेघ द्यायची राहिलीय."

मामांनी वाकून तो शब्द बघितला. मग म्हणाले, "ताई, एका रेघेवर माणसाची नोकरी राहती व्हय?"

"राहते. मी तिला आत्ता विचारते."

"इचारा. पण मला सांगू नका," मामा उठत म्हणाले. "मी कालपासून मन घट्ट केलंय. ते पुन्हा सैल करू नका. आशा लई वाईट असती. आणि तेवढा राजीनामा..."

"प्रिंटर बिघडलाय," मी म्हणाले.

मागं प्रिंटर खडखडत कुणाची तरी पानं काढत होता. मामा तिकडं एकदा बघून शॉपवर गेले.

मी अनेकेला लिहिलं. लगेच उत्तर आलं, पण ते यंत्रानं दिलेलं, की मी सुट्टीवर आहे, सोमवारी भेटू. तिच्या ऑफिसात फोन केला. त्यांनी सांगितलं, ती सायकल घेऊन कुठल्याशा बेटावर गेलीय आणि सुट्टीत ती फोन बघत नाही. देसाईसाहेबांना जाऊन सगळं सांगितलं. ते चष्मा काढून ऐकत होते. म्हणाले, "सोनवणे मॅडम, तुमचं खरं निघालं तर मी तुम्हाला पेढे देईन. पण माझ्याकडं तिचं लेखी आहे आणि तुमच्याकडं अंदाज. सोमवारी सकाळी आपलं उत्तर जायचंय. मामांचा निरोप शनिवारी ठरलाय, कँटीनला जेवणही सांगितलंय. मोठ्या साहेबांना मी पुन्हा फोन करतो, पण त्यांनी थांबवलं नाही, तर माझ्या हातात काही नाही."

मोठ्या साहेबांनी थांबवलं नाही.

ते दोन दिवस मला फार जड गेले. आपलं म्हणणं बरोबर आहे हे आतून पक्कं कळत होतं, पण दाखवायला हातात काही नव्हतं. खाली शॉपवर मामा आपल्या हातोड्या, चिमटे, ब्रश पोरांना वाटत होते. एकाला चष्मा दिला. दुसऱ्याला सांगत होते, "वाऱ्याच्या दिवशी पडदा लावल्याबिगर जोड करू नको." मी जिन्यावरून बघायचे आणि पुन्हा वर जाऊन फोन उघडून बसायचे.

शनिवारी कँटीनमध्ये सगळी कंपनी जमली. शाल, श्रीफळ झालं. शिंदे बोलला, गुणवत्तावाले बोलले, दोन पोरं बोलायला उठली आणि रडून खाली बसली. देसाईसाहेबांना नेहमीचं भाषण येत होतं, पण तेही मधेच अडखळले. मामा खुर्चीत शाल पांघरून ताठ बसले होते, जसं काही फोटो काढून घेताहेत.

मग मागच्या रांगेतून इनायतभाई उठले. ते माइकपर्यंत चालत आले. माइक त्यांच्या उंचीला लागेना, तो वाकवत राहिले. शेवटी हातात काढून घेतला.

"मेरे कू भाषण नहीं आता," ते म्हणाले. "ये आदमी से मैं बात नहीं करता, सबकू मालूम. कायकू नहीं करता, वो अब मेरे कू बी याद नहीं."

कुणीतरी हसलं. इनायतभाई हसले नाहीत.

"स्टोअर की खिडकी से पूरा वेल्डिंग शॉप दिखता. मैं इतने साल येइच देख्या. सबसे पहले कौन आता, देख्या. नए लडके का हात जल्या तो उसका हात पानी में पकड के हिम्मत कौन देता, देख्या. मेरे अब्बा का इंतकाल हुआ, मैं गाव गया. स्टोअर बंद पडता तो काम बंद पडता. वापस आया तो सब चीज अपनी जगे पे. एक रॉड इधर का उधर नहीं. मैंने पूछ्या, कौन बैठा था? कोई नहीं बोल्या. मगर चिट्ठी पे सही थी. पठाडे की सही कोई पहचाने बगैर रहता क्या? इत्ती लंबी! एक खाने से निकलती, तीन खाने पार कर के जाती..."

त्याच वेळी माझ्या हातातला फोन थरथरला.

अनेकेचं उत्तर होतं. बेटावरच्या कुठल्या हॉटेलात बसून तिनं सहज फोन उघडला होता. पहिलंच वाक्य असं होतं, की मला त्यांची सही हवी आहे, त्यांची नोकरी नको. चाचणीच्या कागदावर मामांची सही इतकी ऐसपैस होती, की तिच्याखाली तारीख आणि दाबाचा आकडा दोन्ही झाकले गेले होते. तेवढा एक कागद पुन्हा सही करून पाठवा. टाकीबद्दल तक्रार नाही, उलट इतक्या चटकन आणि इतका चांगला केलेला जोड मी फारसा पाहिलेला नाही. खाली पुन्हा क्षमा मागितली होती, आणि क्षमेच्या वाक्यातसुद्धा एका शब्दात रेघ द्यायची राहिली होती.

मी उठणार होते. ओरडणार होते. पाय उचललाही होता. पण समोर इनायतभाई बोलत होते, आणि मामा त्यांच्याकडं बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ त्यांच्या तोंडाकडं.

मी खाली बसले. फोन पदराखाली धरला. बातमी कुठं पळून जाणार नव्हती. हे भाषण मात्र पुन्हा होणार नव्हतं.

"...तो मैं उस दिन शुक्रिया बोलने कू आया था," इनायतभाई म्हणाले. "खिडकी तक आया. पर आदत नहीं थी ना बात करने की. जबान नहीं उठी. आज बोलता. शुक्रिया पठाडे. तेरे जैसा आदमी खिडकी के सामने नहीं रहेगा तो मैं सामने देख के क्या करूं?"

त्यांनी माइक खाली ठेवला. आता मात्र मी उठले. माइकची गरज नव्हती. माझा आवाज इतका वर लागला की मलाच दचकायला झालं.

"राजीनामा नकोय! बाईचं उत्तर आलंय! नुसती सही पाहिजे, पुन्हा सही!"

कुणालाच काही कळेना. देसाईसाहेब धावत आले, फोन हातात घेऊन त्यांनी उत्तर वाचलं, आणि तो शिस्तीचा माणूस चक्क खुर्चीवर चढला आणि सगळ्यांना मराठीत वाचून दाखवायला लागला. पोरांनी ताटं वाजवली. एकानं शिट्टी मारली. त्या गोंधळात मामा एकटेच बसलेले.

"म्हंजी जायचं नाय?" त्यांनी मला विचारलं.

"नाय मामा. फक्त एक सही. नीट. चौकटीच्या आत."

"सही?" मामा म्हणाले. "सहीचं आधी सांगायचं ना!" आणि शालीच्या टोकानं डोळे पुसायला लागले.

कुणीतरी मागून ओरडलं, "मग शाल वापस घ्यायची का साहेब?" मामांनी शाल घट्ट आवळली. "दिली ती दिली."

सगळ्यात अवघड परिस्थिती इनायतभाईंची झाली होती. ते माइकपाशी तसेच उभे होते. म्हणाले, "अब मैं जो बोल्या, वो वापस लेऊं क्या?"

मामा उठले, त्यांच्यासमोर गेले, आणि मधे कुणाला न घालता म्हणाले, "घ्या ना. पण आधी जिलबी खा. गरम हाय."

निरोपाचं जेवण तसंच झालं, फक्त निरोप कुणाला नव्हता. मामांनी तिथंच, जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर चाचणीच्या नव्यानं छापून आणलेल्या कागदावर सही केली. एवढी आखडून, जीभ दातांत धरून केली, की शेवटचं अक्षर अर्धंच राहिलं. "बाईला म्हणावं, यापेक्षा बारीक व्हत नाय." सोमवारी देसाईसाहेबांनी मला खरोखर पेढे दिले.

त्यानंतर कंपनीत एक नियम झाला, की बाहेरून आलेला प्रत्येक इंग्रजी अहवाल आधी माझ्या टेबलावर यायचा. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. निवृत्त झाल्यावर आता तो मान राहिलेला नाही. माझ्या जागी बसलेली मुलगी हुशार आहे. कॉम्प्युटर चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ ओढतो, ती तो शब्द बदलते. पण 'रिझाइन' हा शब्द चुकीचा नव्हताच, त्याच्याखाली लाल रेघ आली नसती, हे तिला सांगायला जावंसं वाटतं. नव्या पुस्तकांतून हायफन हळूहळू कमीही होत चाललेत. जे शब्द मी आयुष्यभर रेघ देऊन जोडले, ते आता एकमेकांना चिकटून मोकळे झालेत. थोडं वाईट वाटतं. चालायचंच. शब्दांचीही एकदा सवय झाली की मधे कुणी लागत नाही.

अनेके त्या प्रसंगानंतर वर्षभरानं पुन्हा तपासणीला आली होती. विमानतळावरून थेट शॉपवरच आली. मामांसमोर उभी राहिली आणि मला म्हणाली, यांना सांग, मला फार वाईट वाटलं, मी त्यांना केवढा त्रास दिला. मी मराठीत सांगितलं. मामांनी मान हलवली.

"त्रास कसला? बाईला सांगा, माणूस मेल्याबिगर लोक त्याला चांगलं म्हणत नाहीत. मी जित्तेपणी बसून ऐकलं. शाल पांघरून. तिला म्हणावं, वर्षाकाठी एकदा असंच लिहीत जा. माझं झालं, आता दुसऱ्या कुणाचं लिही."

मी इंग्रजीत सांगितलं. अनेके इतकी हसली की टॉर्च खाली पडली. मग तिनं विचारलं, ह्या वेळी कुणाचं नाव लिहू?

तेवढ्यात स्टोअरच्या खिडकीतून इनायतभाईंचं डोकं बाहेर आलं.

"मेरा लिखवाओ मॅडम! ये पठाडे मेरे बारे में क्या बोलता, मेरे कू बी सुनना है."

पोरं हसायला लागली. मामा हसले नाहीत. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"त्याच्यासाठी राजीनामा कशाला पायजे?" ते म्हणाले. "ये भाईर. आत्ताच ऐक."

इनायतभाई खरंच स्टोअरला कुलूप लावून बाहेर आले. मशिनं बंद झाली, पोरं गोल करून उभी राहिली, अनेके एका उलट्या डब्यावर बसली. आणि हात पँटीला पुसत पठाडे मामा, जन्मात पहिल्यांदा, भाषणाला उभे राहिले.